जिथे त्याचं तोंड पोचत नाही

अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माथेरानला गेलो होतो तेव्हाचा, गाड्यांची हद्द संपते त्या दस्तुरी नाक्यावर घोडे उभे असतात तिथला. सहा वर्षांचा भाचा माझ्या कडेवर, समोर एक तांबूस घोडा, कपाळावर पांढरा पट्टा, आणि मी "हात लाव ना, घाबरतोस काय, बघ किती गोड आहे" म्हणत भाच्याचा हात धरून तो घोड्याच्या नाकावर टेकवतेय. मग भाच्याने हात काढून घेतला तर मीच घोड्याच्या मानेवर दोन-तीन सणसणीत थापा मारते, शाब्बास म्हणून पाठीवर मारतात ना तशा. मागे बहिणीचं हसणं, कुणीतरी "फोटो पण काढ गं" म्हणतंय. फॅमिली ग्रुपवर टाकला, मावश्या-काकवांनी हार्ट दिले, विषय संपला.

महिन्याभराने एका रात्री झोप येत नव्हती म्हणून जुने व्हिडिओ बघत पडले होते. बाकीचे झोपलेले म्हणून आवाज बंद. आणि आवाज बंद केल्यावर आमचं हसणं गेलं, "गोड आहे" गेलं, आणि त्या चौकटीत फक्त घोडा उरला. हात पुढे आला तसा त्याने आधी मान वर घेतली. मग कान मागे गेले, एकदम नाही, हळूहळू, जसा एखादा माणूस तोंडाने काही न बोलता ओठ आवळतो तसे. नाकपुड्या बारीक झाल्या. डोळ्याच्या वर एक सुरकुती पडली. मग त्याने तोंड पलीकडे फिरवलं आणि माझा हात त्याच्या तोंडामागे गेला. मी थाप मारली तेव्हा मानेवरची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशीच. मी तो व्हिडिओ हळू करून पुन्हा पुन्हा बघितला. अकरा सेकंदांत तो तीन वेळा नको म्हणाला होता आणि आम्ही पाच जण तिथे उभे असून एकालाही ऐकू आलं नव्हतं.

त्या रात्रीपासून ते डोक्यातून जाईना.

म्हणजे तसं बघायला गेलं तर झालं काय होतं? काहीच नाही. घोडा चावला नाही, लाथ मारली नाही, कुणी पडलं नाही. पण आपण प्रेम करतोय म्हणून ज्याच्यावर करतोय त्याला ते नको असेल तर त्या करण्याला काय म्हणायचं हा प्रश्न मला कुठेतरी खूप आतून टोचला. कारण मी लहान असताना नेमकी त्या घोड्याच्या जागी उभी असायचे. माझे गाल गोबरे होते. लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवाला, कोण कुठली बाई यायची आणि "अगं बाई किती गोड" म्हणत दोन्ही गाल चिमटीत धरून ओढायची. त्या बोटांना अत्तराचा, पेढ्याचा, कधी कांद्याचा वास असायचा. मी तोंड फिरवायचे तर आई म्हणायची, असं करू नये, प्रेमाने करतायत ना. मला अजूनही ते वाक्य आठवलं की गालाच्या आत काहीतरी घट्ट होतं. आणि मीच आता भाच्याला "हात लाव ना" म्हणतेय आणि घोड्याला नाकावर धरतेय.

आपल्याकडे हात लावण्याचं फार आहे हे मात्र खरं. देवळाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला, गाय दिसली की तिच्या पाठीला हात लावून कपाळाला, नवी गाडी घेतली की तिलाही. त्यात श्रद्धा आहे, माया आहे, मला ते सगळं मनापासून आवडतं. पण त्या सगळ्यात हात नेहमी आपल्या बाजूने निघतो आणि आपल्याकडेच परत येतो. समोरच्याला तो कसा लागला हे विचारायची पद्धत नाही. आणि मग असं वाटतं की नाही, आहे, शेतकऱ्याकडे आहे. माझ्या आजोळी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असायची. आजोबा तूप आणि हळद घेऊन बैलाच्या खांद्यावर, जिथे वर्षभर जू बसतं नेमकं तिथे, दोन्ही हातांनी मळत बसायचे. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्याच्या कानात म्हणायचं. बैलाचं डोकं गोंजारून कुणी खांदेमळणी म्हणत नव्हतं. जिथे दुखतं तिथेच हात गेला पाहिजे हे त्यांना माहीत होतं. गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली की ती मान किती लांब करते, हेही मी तिथेच पाहिलेलं. मग घोड्याच्या बाबतीत मला काहीच कसं माहीत नव्हतं? बहुतेक यामुळे की आमच्या घरात घोडा कधी नव्हताच, तो वरातीत दिसायचा, नाहीतर टांग्याला, नाहीतर वारीत.

वारीतला घोडा मात्र मी जवळून पाहिलाय.

आजोळ माळशिरस तालुक्यातलं, म्हणजे आषाढी वारीत माऊलींची पालखी आमच्या दारावरून जायची म्हटलं तरी चालेल. पुरंदवड्याला, सदाशिवनगरजवळ, पहिलं गोल रिंगण होतं, तिथे आजी मला घेऊन जायची. सकाळपासून माळावर माणसं बसलेली, मधे पालखी, पताकावाले, तुळशीवाल्या बायका, विणेकरी गोल धावून घेतात आणि मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीला येतात आणि वारीबरोबर चालतात, दोन असतात, एकावर स्वार आणि दुसऱ्याची पाठ रिकामी. रिकामी म्हणायचं नाही, त्यावर माऊली बसलेले असतात. ते दोन घोडे धावायला लागले की पायाखालची जमीन ढोलासारखी वाजते, ते छातीत ऐकू येतं, कानात नंतर. आणि फेऱ्या संपल्या रे संपल्या की गर्दी सुटते. मला वाटतं मी सात-आठ वर्षांची असेन, गर्दीतून वाट काढत पुढे गेले, घोडा इतका जवळ होता की त्याच्या अंगाची ऊब लागत होती, घामाने मान काळी पडलेली, तोंडाला फेस, आणि चारी बाजूंनी हात, त्याच्या पाठीवर, पोटावर, शेपटीवर, तोंडावर. मीही हात उचलला. आजीने वरच्यावर धरला.

"नगं. पळून आलंय ते. ऊर बघ कसा भरलाय त्येचा. जीव खाली बसू दे."

मग ती खाली वाकली, टाप उमटली होती तिथली चिमूटभर माती उचलली, स्वतःच्या कपाळाला लावली आणि मग माझ्या. बाकीचे वारकरीही नंतर तेच करत होते, रिंगणाच्या मातीत लोळत होते, पण आजीने घोड्याला हात लावलाच नाही हे मला तेव्हा फार लागलं होतं. इतक्या लांब चालत आलो, सगळ्यांनी हात लावला, मीच राहिले. मी परत येताना रस्ताभर फुरंगटून होते. आज ते आठवलं की वाटतं, त्या एवढ्या मोठ्या माळावर घोड्याच्या छातीकडे बघणारी ती एकटी नसेल, पण त्या क्षणी मला दिसलेली तरी ती एकटीच होती.

तर हा व्हिडिओ आणि ही आठवण डोक्यात घेऊन मी फेब्रुवारीत, आडवारी, एकटीच पुन्हा माथेरानला गेले. पुण्याहून कर्जत, तिथून लोकलने नेरळ, शेअर टॅक्सीत घाटातली वळणं, आणि दस्तुरी. आडवारी तिथे वेगळीच शांतता असते. लाल धूळ, ओल्या लिदीचा वास, माकडं, आणि सावलीत एक पाय सैल सोडून पेंगणारे घोडे. तो पांढऱ्या पट्ट्याचा घोडा काही मला सापडला नाही. एका घोडेवाल्या मामांना फोनवर व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, हा घोडा ओळखता का. त्यांनी तो फोन दूर धरून नीट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि घोड्याचं नाव सांगायच्या आधी म्हणाले, "ताई, नाकाला कशाला हात लावला? तिथं त्याला दिसत नाही."

मला ते कळलंच नाही आधी. एवढे मोठे डोळे आणि दिसत नाही? मग त्यांनी त्यांच्या घोडीच्या, बिजलीच्या, समोर आपला पंजा धरून दाखवला. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, मागून येणारंसुद्धा, पण दोन जागा आंधळ्या, एक शेपटीच्या बरोब्बर मागे आणि एक कपाळाच्या नि नाकाच्या अगदी समोर, जवळ. म्हणजे समोरून सरळ हात आणला की तो येताना दिसतो आणि नेमका जवळ आला की गायब होतो, आणि मग एकदम तोंडावर. आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधून कुणी गाल ओढावा तसं. आणि नाकाभोवती, ओठांभोवती त्या ज्या लांब राठ मिशा असतात ना, त्या जे दिसत नाही ते चाचपायला असतात, त्यांच्या मुळाशी नसांचं दाट जाळं असतं, गवतातला खडा ओठाने बाजूला करायचं काम त्या मिशांच्या जिवावर. पूर्वी शर्यती-प्रदर्शनांच्या घोड्यांच्या त्या मिशा टापटीप दिसावं म्हणून कापायचे. २०२१ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत मिशा कापलेला घोडा चालत नाही, असा नियम आहे, हे मी घरी येऊन वाचलं. सगळ्या घोड्यात आपल्याला सगळ्यात गोड काय दिसतं, तर ते मखमली नाक. आणि आपण पहिला हात तिथेच नेतो.

"मग कुठे लावू?" मी विचारलं.

"आधी लावूच नका. उभ्या राहा."

म्हणून उभी राहिले. समोर नाही, मागे तर नाहीच, खांद्याच्या बाजूला, थोडी तिरकी, तिला मी पूर्ण दिसेन अशी. मामा म्हणाले, बोला काहीतरी. काय बोलणार, मी म्हटलं, बिजली, कशी आहेस. एक कान माझ्याकडे वळला, दुसरा रस्त्याकडेच राहिला. मग हात खाली, मूठ सैल मिटलेली, तिच्या नाकापासून वीतभर लांब धरला, टेकवला नाही, नुसता धरला. तिने लगेच काही केलं नाही. मला वाटलं आता नाही हुंगत. मग मान खाली आली, नाकपुड्या फुलल्या, आणि माझ्या बोटांच्या पेरांवर गरम, गवताच्या वासाचा एक श्वास आला. दोन वेळा आला. तेवढा वेळ मी माझाही श्वास धरून ठेवला होता.

"आता इथं," म्हणत मामांनी तिची आयाळ संपते आणि पाठ सुरू होते तो उंचवटा दाखवला. "खाजवा. थापटू नका. थाप मारली की तिला वाटतं चल म्हणताय. नख जरा लागू द्या."

मी भीतभीत बोटांच्या टोकांनी हलकं हलकं केलं तर बिजलीची कातडी थरथरली. अगदी हलका हात म्हणजे माशी, हे तेव्हा कळलं. मग दाब दिला, चार बोटं रोवून, गोल गोल, केसांच्या मुळापर्यंत, जसं आपण डोक्याला तेल चोळतो तसं. पहिला मिनिटभर काही नाही. मी हात अर्धा वीत मागे नेला, पुढे आणला, आयाळीच्या मुळाशी आणला, आणि तिथे काहीतरी झालं. आधी मान खाली झाली. मग पापणी, पूर्ण नाही, अर्धी. मग वरचा ओठ. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं, तिचा वरचा ओठ लांब झाला, पुढे आला, टोकदार झाला, आणि हवेतच इकडून तिकडे वळवळायला लागला, जणू समोर दुसरा घोडा आहे आणि ती त्याच्या पाठीवर खाजवतेय. ती माझ्या हातावर रेलली, हळूच, एवढं मोठं धूड, आणि मला पाय रोवून उभं राहावं लागलं. माझ्या नखांत राखाडी मळ भरला होता, हाताला गोडसर, धुळकट, घामट वास. मामा हसत होते. म्हणाले, "जिथं तिचं तोंड पोचत नाही ना, तिथं खाजवायचं. बाकी सगळं ती आपलं आपण बघती."

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं की हो. घोडा मान वळवून आपली कूस चावू शकतो, पुढचा पाय खाजवू शकतो, शेपटीने मागचं झाडू शकतो. पण मानेच्या बुडाशी, त्या उंचवट्यावर, छातीच्या मधोमध, शेपटीच्या मुळाच्या वर, तिथे त्याला दुसरं कुणीतरी लागतं. कुरणात सोडलेले दोन घोडे उलटसुलट तोंडं करून उभे राहतात आणि एकमेकांचा तो उंचवटा दातांनी कुरतडत बसतात, सगळ्यांशी नाही, ज्याच्याशी जमतं त्याच्याशीच. क्लॉडिया फे नावाच्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर हेच तपासलं होतं, की माणसाने हाताने तिथे तसं खाजवलं तर काय होतं, आणि घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात असं त्यांना दिसलं, तेच दुसरीकडे खाजवलं तर तसं होत नाही. पुढे इंग्लंडमध्ये काही अभ्यासकांनी थापटणं आणि खाजवणं यांची तुलना केली, त्यासाठी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधले स्वारसुद्धा पाहिले, कारण स्पर्धा संपली की बहुतेक जण आनंदाने घोड्याच्या मानेवर थापा मारतात. घोडे खाजवल्यावर शांत होत होते, मान खाली सोडत होते, थापेने तसं काही होत नव्हतं. म्हणजे जगातले सर्वात कसलेले स्वारसुद्धा माझ्यासारखंच करत होते. आणि झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने चोवीसशे वर्षांपूर्वी मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, काय सांगावं हे लिहून ठेवलंय, त्यात हे आहे की घोड्याला हात तिथे लावावा जिथे केस दाट आहेत आणि जिथे काही त्रास झाला तर त्याला स्वतःला काही करता येत नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मामांनी कुठला झेनोफन वाचलेला. हात घोड्यावर असला की तिथेच पोचत असणार माणूस, अथेन्स असो की दस्तुरी नाका.

मराठीत आपल्याकडे खरारा हा किती छान शब्द आहे बघा. त्या शब्दातच तो आवाज आहे. दुपारी मामांबरोबर तबेल्यात गेले तर त्यांचा मुलगा लोखंडी दातेरी खरारा घेऊन दुसऱ्या घोड्याचं अंग घासत होता. मानेवर, खांद्यावर जोरात, खर्र खर्र, धुळीचे ढग उठत होते. पोटाकडे आला तशी त्याने वस्तू बदलली, गोणपाटाचा तुकडा घेतला. पायाकडे नुसता हात. मी विचारलं तर म्हणाला, हाडावर खरारा लागतो त्याला. मग मामांनी बिजलीच्या पुढच्या पायाच्या मागची जागा दाखवली, जिथे तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, बसतो. तिथले केस घासून गेले होते, कातडी काळी, चकाकणारी, कोरडी. "इथं कुणी हात लावला की ती दात दाखवती. लोक म्हणतात घोडी खाष्ट आहे." पोट, कूस, कान, मागचे पाय, ही ओळख झाल्यावरची ठिकाणं, आणि काही घोड्यांना ओळख झाल्यावरही नकोच असतात. माणसासारखंच प्रत्येकाचं वेगळं. तबेल्यातल्या एकाला छातीवर खाजवलेलं आवडायचं, एकाला जबड्याच्या खाली दोन हाडांच्या मधे, आणि एक म्हातारा होता त्याला काहीच नको होतं, तो फक्त बाजूला येऊन उभा राहायचा. तेवढंच त्याला हवं असायचं.

आणखी एक शिकवलं मामांनी, ते मला सगळ्यात आवडलं. थोडं खाजवायचं आणि थांबायचं. हात काढून घ्यायचा, अगदी खिशात. मग बघायचं. पुढे येतो का, रेलतो का, नाकाने ढकलतो का, का आपला एक पाऊल सरकून दुसरीकडे बघतो. सरकला तर झालं, निघायचं, नाराज व्हायचं नाही. खायला देऊन बोलवायचं नाही. लोक चिक्की देतात, बिस्किटं देतात, मग घोडा येणाऱ्या-जाणाऱ्याचे खिसे हुंगायला लागतो, मग एखाद्याचं बोट दातात येतं, आणि मग मार घोड्याला. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

पण मला हे सगळं इतकं गोड करून लिहिता येत नाही. कारण त्याच दुपारी एक ग्रुप आला, आठ-दहा जण, आणि बिजली गेली. खोगीर चढलं, तंग आवळला गेला, तिने कान मागे घेतले, आणि एक धडधाकट माणूस वर बसला. तिला कुणी विचारलं नाही. तिला बाजूला सरकून दुसरीकडे बघायची सोय नव्हती. दिवसभर ती अडीच-तीन किलोमीटरचा तोच रस्ता वर-खाली करणार, मधेमधे पेव्हर ब्लॉक, ज्यावर घोड्यांचे पाय घसरतात म्हणून घोडेवाल्यांची तक्रार आहे, आणि मी पाच मिनिटं तिची आयाळ खाजवून स्वतःला फार शहाणी समजत होते. मामांच्या बोलण्यात त्याच रस्त्यावर आलेल्या ई-रिक्षांची काळजी येऊन जाऊन होती, घोडा रिकामा बसला तर तो खाणार काय आणि आम्ही खाणार काय. मला त्यांचं पटत होतं आणि बिजलीचे मागे गेलेले कानही दिसत होते. या दोन गोष्टी मला अजून एकत्र बसवता आलेल्या नाहीत. एवढंच वाटलं की ज्याच्या दिवसभरात नाही म्हणायला जागाच नाही, त्याला निदान मी हात लावताना तरी ती असावी. बाकीचं मोठं आहे, माझ्या हातात नाही, पण माझा हात माझ्या हातात आहे.

परतीच्या लोकलमध्ये मी हात धुतले नव्हते. नखांतला मळ तसाच. आणि मला आजीची शेवटची दोन वर्षं आठवली. ती अंथरुणाला खिळलेली, येणारा प्रत्येक जण तिच्या गालावरून हात फिरवायचा, डोक्यावरून फिरवायचा, कपाळाचा मुका घ्यायचा, मीसुद्धा. ती डोळे मिटून घ्यायची. आम्हाला वाटायचं, बरं वाटतंय तिला. एकदा दुपारी मी एकटीच होते तर तिने खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाली, ती फणी आण. लाकडी फणी होती तिची, जुनी, दोन दात पडलेली. म्हणाली, पाठ. मी तिला कुशीवर वळवलं, नऊवारीची गाठ सैल केली आणि फणीच्या दातांनी पाठीवर ओढत राहिले. "वर. अजून जरा. डावीकडं. हां. तितंच." पलंगाला चिकटून चिकटून पाठीला खाज सुटत होती आणि तिचा हात तिथे पोचत नव्हता, किती दिवसांपासून कुणास ठाऊक. आम्ही सगळे तिच्या तोंडावरून हात फिरवत होतो. तिने मान जरा पुढे ताणली आणि तिचा खालचा ओठ सैल झाला. मी तो ओठ विसरले होते. बिजलीच्या ओठाने तो परत आणून दिला.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं, म्हणजे आजीचं नाही, घोड्याचं. व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला. त्याला पहिल्याच वेळी दिसलं. "मावशी, कान मागे गेले." मी विचारलं, तुला तेव्हा कळलं होतं का? म्हणाला, "म्हणून तर मी हात काढला ना." मला पुढे काही बोलता आलं नाही. मी त्याची माफी मागितली, खरीखुरी, कडेवर उचलून हात धरल्याबद्दल. त्याला ते नीट समजलं का माहीत नाही. तो तोवर कान वेगवेगळ्या दिशांना वळवता येतात का हे आरशात बघायला गेला होता.

परवा पालखी पुण्यात आली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला गर्दीत उभे, त्याने दोन्ही हात चड्डीच्या खिशात घातलेले. टाळांचा आवाज वाढत गेला, दिंड्या आल्या, आणि मग ते दोन अश्व. गर्दी पुढे सरकली, तेच हात, पाठीवर, मानेवर, शेपटीवर. पोलीस आणि सेवेकरी "मागे व्हा माऊली, मागे व्हा" म्हणत होते. घोडा आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला, मला त्याच्या अंगाची ती जुनी ऊब लागली. मी भाच्याकडे पाहिलं. त्याचे हात खिशातच होते. तो घोड्याच्या कानांकडे बघत होता.

"एक पुढे, एक बाजूला," तो म्हणाला. "दमलाय वाटतं."

घोडे पुढे गेले. मी सवयीने खाली वाकले. माती नव्हती, डांबर होतं, नुकत्याच पडून गेलेल्या सरीने ओलं. तरी तळहात टेकवला. भाच्याने खिशातला हात काढला आणि माझ्या शेजारी टेकवला.